सोडा, व्हिनेगर, रिठे : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपतीच्या आधी घर आवरायला काढले की या सदराची टपाल वाढते. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे : बाजारातली तीव्र क्लीनर, शाम्पू आणि डिओ कमी करून घरच्या घरी काय वापरता येईल? उत्तरांत 'चहाचा चमचा' म्हणजे ५ मिली आणि 'मोठा चमचा' म्हणजे १५ मिली समजावे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरले. फेस भरपूर आला, पण चिमणीच्या जाळीवरचा तेलाचा चिकट थर तसाच आहे. प्रमाण चुकले का?
(वाचक, विलेपार्ले)

प्रमाण नाही, मिश्रणच चुकले. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. दोन्ही एकमेकांना मारतात आणि उरते सोडियम अ‍ॅसिटेट, पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. फेस दिसतो तो या वायूचा. त्याचा साबणाच्या फेसाशी काही संबंध नाही. चहाचा एक चमचा (सुमारे ५ ग्रॅम) सोडा पूर्ण मारायला ५ टक्क्यांचे साधारण ७० मिली व्हिनेगर लागते. म्हणजे तुमच्या बाटलीत आता थोडे खारट पाणी आणि जे जास्त पडले होते त्याचा उरलेला अंश, एवढेच आहे. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या कामांना. क्षार, गंज, पाण्याचे डाग याला आंबट लागते. तेल, तूप, फोडणीचा चिकटा याला सोडा लागतो.

चिमणीच्या जाळीला तर खायचा सोडाही कमी पडतो. किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणा. तो बराच तीव्र असतो आणि तेलातल्या काही भागाचा अक्षरशः साबण करून टाकतो. स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या घमेल्यात हाताला चटका बसेल इतके गरम ३ लिटर पाणी घ्या, त्यात ३ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि चहाचा एक चमचा भांडी घासायचे लिक्विड घाला. जाळी पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. पाणी गार झाले की काम थांबते, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदलले तरी चालेल. रबरी हातमोजे घाला. या सोड्याने हाताची कातडी सोलवटते. जाळी पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

एक मोठा अपवाद. अनेक पदरी, हलकी जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. धुण्याच्या सोड्यात ती काळी पडते आणि खरवडल्यासारखी होते. अ‍ॅल्युमिनियमचे बर्नर, कुकर, कढया यांचेही तेच. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचे लिक्विड एवढेच द्या, मात्र दोन वेळा करा.

आमची इमारत जुनी आहे. ओटा कडप्प्याचा आणि फरशी मोझाईकची. रसायने नकोत म्हणून सहा महिने लिंबाच्या सालीचे पाणी आणि व्हिनेगर वापरले. आता दोन्ही निस्तेज झाले आहेत, ओट्यावर पांढरट ठिपके आहेत. काय लावावे?
(वाचक, गिरगाव)

आधी थांबवा. कडप्पा, कोटा आणि शहाबादी हे सारे चुनखडीचे दगड. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, आणि मोझाईक टाइलमध्ये संगमरवराचेच तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. आंबट पडले की दगडाचा वरचा थर विरघळतो. तुम्हाला दिसतो तो डाग नाही, खाल्लेला पृष्ठभाग आहे. म्हणून तो कशानेही धुऊन जाणार नाही. तेल चोळून ओटा काळा दिसेल, पण चार दिवस. खरा उपाय पुन्हा घासून पॉलिश करून घेणे हाच, आणि मोझाईकचे पॉलिश करणारे कारागीर मुंबईत अजून सहज मिळतात.

दगड कोणता हे ठाऊक नसेल तर कोपऱ्यात, सिलिंडरमागे, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून मिनिटभर पाहा. बारीक बुडबुडे आले तर त्या दगडावर आंबट कधीही नको. लगेच पुसून घ्या. ग्रॅनाइटला आणि व्हिट्रिफाइड टाइलला लिंबू फारसे काही करत नाही, पण टाइलांच्या सांध्यांतले सिमेंट हळूहळू झिजते.

रोजच्या पुसण्याला ५ लिटर पाण्यात अर्धी वाटी रिठ्याचे पाणी (कृती पुढे आहे) किंवा चहाचा एक चमचा सौम्य लिक्विड पुरते. याहून जास्त घातले की फरशीवर थर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि मग वाटते की घरगुती उपायाने साफ होत नाही. वासासाठी गवती चहाचे तेल घालायचे असेल तर ते नुसत्या पाण्यात टाकू नका. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते आणि एका जागी फरशीला चिकटते. ५-६ थेंब आधी रिठ्याच्या पाण्यात घोळवा, मग बादलीत ओता. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल अजिबात नको. मांजरांना ते विषारी आहे.

सोसायटीत फ्लशला बोअरवेलचे पाणी आहे. कमोडमध्ये पाण्याच्या पातळीला पिवळट तपकिरी कडे पडले आहे. व्हिनेगरने जात नाही. अ‍ॅसिड ओतायचे नाही.
(वाचक, मुलुंड)

मुंबईत नळाला येणारे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा पावसावर भरणाऱ्या तलावांचे असते आणि ते मृदू असते. म्हणून नुसते महापालिकेचे पाणी असलेल्या घरांत हे कडे फारसे दिसत नाही. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरेचदा लोहही असते. कडे त्याचे आहे. व्हिनेगर ४-५ टक्क्यांचे, वर कमोडच्या पाण्यात ते आणखी पातळ होते. मग काय उरणार?

सायट्रिक अ‍ॅसिडची पूड घ्या. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून छोट्या पुडीत मिळते. किलोने हवे असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटकडच्या रसायनांच्या दुकानांत स्वस्त पडते. रात्री झोपण्यापूर्वी फ्लशचा कॉक बंद करा. कमोडच्या ब्रशने जोरजोरात ढकलून भांड्यातले पाणी जितके पुढे जाईल तितके घालवा. ही पायरी लोक गाळतात आणि मग उपाय फसला म्हणतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम पूड विरघळवून कड्यावर ओता. ते वरच्या बाजूला असेल तर जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या द्रावणात भिजवून तिथे चिकटवा. सकाळी पट्ट्या काढून घासा आणि फ्लश करा. वर्षानुवर्षांचा थर एका रात्रीत जात नाही, दोन-तीनदा करावे लागते. नंतर आठवड्यातून एकदा रात्री २ मोठे चमचे पूड टाकून ठेवली की पुन्हा कडे धरत नाही.

त्या रात्री कमोडमध्ये ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका. ब्लीच आणि कोणतेही आंबट, मग ते लिंबूसत्त्व असो वा बाजारचे टॉयलेट क्लीनर, एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. मुंबईतल्या खिडकी नसलेल्या, तीन-बाय-चारच्या संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

बायो-एन्झाइमची बाटली फुगली आणि झाकण उडाले. दुसऱ्या बाटलीवर पांढरी साय आहे. फेकून देऊ का? नेमके कसे करायचे?
(वाचक, कांदिवली)

बायो-एन्झाइम म्हणजे फळांच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेले साफसफाईचे द्रावण. त्यावर पांढरी साय चालते. हिरवी किंवा काळी, केसाळ बुरशी आली असेल तर मात्र फेका.

प्रमाण १:३:१० हे लक्षात ठेवा : १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. साली मोसंबी, संत्रे, लिंबू यांच्या. ज्यूसवाल्याकडून आणायच्या असतील तर त्याच दिवसाच्या. बाटली २ लिटरची, शीतपेयाची प्लास्टिकची. काचेची मुळीच नको, कारण फुगली तर काच फुटते आणि तुकडे घरभर उडतात. वरचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. यीस्ट गूळ खाऊन वायू सोडते आणि आपल्या उकाड्यात ते फार वेगाने होते. तेव्हा पहिले दोन आठवडे रोज, नंतर महिना पूर्ण होईपर्यंत दोन-तीन दिवसांनी झाकण सैल करून वायू सोडा आणि लगेच घट्ट करा. उघडे ठेवले तर चिलटे येतात आणि अळ्या होतात. साली वर तरंगून कोरड्या पडल्या की बुरशी धरते, म्हणून दर वेळी बाटली हलवून त्या बुडवायच्या. तीन महिन्यांनी बारीक कापडाने गाळा.

वास आंबट-गोड, व्हिनेगरसारखा यायला हवा. गटारासारखा आला तर बहुधा गूळ कमी पडला आहे. मोठा चमचाभर घालून आणखी आठवडाभर पाहा. तयार झाले का हे तपासायची सोपी रीत : गाळलेल्याचे दोन थेंब ओट्याच्या कडेला टाकून ठेवा (कडप्पा असेल तर ताटलीत). मुंग्या लागल्या तर साखर उरली आहे, अजून मुरू द्या. असे कच्चे द्रावण फरशीला वापरले की घरभर रांगा लागतात आणि दोष मुंग्यांना मिळतो.

आता थोडे कटू. नाव एन्झाइमचे असले तरी काम मुख्यतः त्यातली आम्ले करतात, जोडीला सालीतले तेल. म्हणजे हे सुगंधी, घरगुती व्हिनेगर. बाथरूमच्या टाइलवर एकास दहा पाणी, सिरॅमिक फरशीला ५ लिटरला ५० मिली, हे छान चालते. वर सांगितलेल्या चुनखडीच्या दगडांवर तेही नको. जंतुनाशक म्हणून त्यावर विसंबू नका. घरात जुलाब-उलटीचा रुग्ण असेल तर संडास आणि फरशीला ब्लीचच लागते, आणि तेही एकटेच.

रिठे-शिकेकाईचे पाणी दोन दिवसांत आंबते. शिवाय केस धुतल्यावर चिकट राहतात.
(वाचक, ठाणे)

आंबणारच. पाणी, वनस्पतीचा अर्क आणि मुंबईची हवा; यात जंतू वाढले नाहीत तरच नवल. व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल फोडून घातली की टिकते, असे बरेच जण सांगतात. ती तेल खवट होऊ नये म्हणून असते, पाण्यातले जंतू ती रोखत नाही. प्रदर्शनातल्या स्टॉलवर 'प्रिझर्वेटिव्हमुक्त' आणि 'सहा महिने टिकते' ही दोन वाक्ये एकाच पाणीदार बाटलीवर दिसली तर एक खोटे आहे असे समजा.

कृती अशी. १२-१५ रिठे फोडून बिया टाकून द्या. साले रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी मोठ्या पातेल्यात, मंद आचेवर १०-१५ मिनिटे उकळा. पातेले लहान असेल तर फेस उतू जाऊन बर्नर विझतो. गार झाल्यावर कुस्करून मलमलीने दोनदा गाळा. फ्रिजमध्ये ४-५ दिवस राहते. त्याहून अधिक हवे तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तशा वड्या काढा.

केसांना नुसता रिठा रुक्ष पडतो. दोन भाग शिकेकाई, एक भाग रिठा, एक भाग आवळकाठी असे एकत्र उकळा. चिकटपणाची कारणे बहुतेक दोनच. एक, पूड वापरून नीट न गाळणे. तो गाळ केसांत बसतो. दुसरे म्हणजे तेल. रिठ्यातले सॅपोनिन, म्हणजे त्यातले फेस करणारे द्रव्य, बाजारच्या शाम्पूइतके जोरकस नसते. वाटीभर खोबरेल चोपडून चंपी केली तर ते एका धुण्यात निघत नाही. तेल चमचाभर ठेवा किंवा दोनदा धुवा. सोड्याने केस धुण्याची टूम मात्र टाळा. अल्कलीने केसांची खवले उघडतात, केस राठ होऊन तुटतात.

रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर भयंकर झोंबते. लहान मुलांना ते नकोच. गेलेच तर साध्या पाण्याने १०-१५ मिनिटे धुवा. उरलेले पाणी फेकू नका; रेशमी साड्या, लोकर आणि सोन्याचे दागिने त्यात उत्तम धुतले जातात. चिखलाने माखलेल्या शाळेच्या गणवेशाकडून मात्र अपेक्षा ठेवू नका.

खोबरेल, कॉर्नफ्लोअर आणि खायचा सोडा मिसळून डिओ केला. काखेत लाल पुरळ आले, आणि डबीत तो सतत पातळच असतो.
(वाचक, परळ)

खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळते. मुंबईत ते वर्षातले मोजके दिवस सोडले तर गोठतच नाही. ही कृती थंड देशांतली आहे. पुरळ सोड्याचे. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी, आणि वर घामाने ओली, घासली जाणारी जागा. वापर बंद करा. आठवड्यात बरे वाटले नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बुरशीचा संसर्गही असाच दिसतो.

तुरटीचा गुळगुळीत खडा ओला करून अंघोळीनंतर स्वच्छ काखेत फिरवा. घाम थांबत नाही, पण वास करणारे जंतू आटोक्यात राहतात. केस काढल्या दिवशी लावू नका, झोंबेल. आणि 'अ‍ॅल्युमिनियम नको म्हणून तुरटी' हे कारण असेल तर तुरटी स्वतःच अ‍ॅल्युमिनियमचा क्षार आहे.

वास शर्टात मुरला असेल, विशेषतः पॉलिस्टरच्या, तर ४ लिटर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून धुण्याआधी अर्धा तास भिजवा.

दात पांढरे होण्यासाठी लिंबू आणि सोडा, की कोळशाची पूड? सासूबाई मशेरी लावतात, ती तर नैसर्गिकच.
(वाचक, घाटकोपर)

तिन्ही नको. लिंबाच्या रसात दाताचे एनॅमल विरघळते, आणि ते परत येत नाही. कोळसा व राखुंडी दात घासून झिजवतात. पांढरेपणा येतो तो वरचे डाग खरवडले जातात म्हणून, पण झिजल्यावर खालचा पिवळा थर दिसू लागतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने तोंडाचा कर्करोग होतो, आणि सासूबाईंनी दंतवैद्याकडून तोंड एकदा तपासून घ्यायला हवे. सुमारे १००० पीपीएम फ्लोराइडची साधी टूथपेस्ट पुरे. हवी तर जोडीला कडुलिंबाची काडी.

सुनेचे बाळंतपण जवळ आले आहे. जुनी दुपटी आणि झबली डांबरगोळ्या घालून जपली आहेत. धुऊन वापरली तर चालतील ना?
(वाचक, बोरिवली)

एकदा धुऊन किंवा नुसते हवेशीर ठेवून चालणार नाही. डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतील तर त्याची वाफ कापडात बसते आणि बाळाच्या त्वचेतून, श्वासातून शरीरात जाते. तेलमालिश केलेल्या अंगातून ती अधिक शोषली जाते. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्याने रक्तपेशी फुटतात, कावीळ वाढते. ही कमतरता बाळात आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून ही दुपटी गरम पाण्यात डिटर्जंटने दोन-तीनदा धुवा, दर वेळी कडक उन्हात वाळवा. तरीही वास राहिला तर ती फरशी पुसायला घ्या, बाळाला नवी घ्या. बाळ फिकट दिसले, पिवळे पडले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि डांबरगोळ्यांचा उल्लेख जरूर करा.

पुढे कपडे ठेवताना पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत घाला आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. कसर रोखायला त्याहून उपयोगी पडते ते ठेवण्याआधीचे धुणे. घामाचे, खाण्याचे डाग असलेले कपडेच ती आधी खाते.

पावसाळ्यात लाकडी कपाटाच्या मागे आणि आत बुरशी येते. कापूर ठेवला, उपयोग नाही.
(वाचक, माहीम)

कापूर फक्त वास झाकतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकले असेल तर ते दोन-तीन इंच पुढे ओढा. बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, बीजाणू खोलीभर उडतात. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या स्पिरिटने ओले केलेल्या कापडाने पुसा. गॅस आणि देवाचा दिवा आधी विझवा, खिडकी उघडा. पॉलिश उतरते का ते आतल्या कोपऱ्यात आधी पाहा. नंतर दारे उघडी ठेवून पंखा दोन तास चालू ठेवा. आत कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे ठेवा आणि साठलेले पाणी ओतत राहा. चुनकळी ठेवू नका. पाणी लागले की ती तापते आणि घरात मुले असतील तर धोका आहे. भिंतच ओली असेल तर गळती शोधल्याशिवाय यातले काहीच टिकणार नाही.

देवाची पितळी भांडी पावडरशिवाय? आणि आतून कल्हई केलेले पातेले?
(वाचक, दादर)

लिंबाएवढी चिंच अर्ध्या वाटी पाण्यात कोळून चिमूटभर मीठ घाला, नाहीतर भिजवलेली आमसुले घ्या. चोळून पाच मिनिटांत धुवा आणि लगेच कोरडे पुसा; तसेच निथळत ठेवले तर डाग पडतात. लाखेचा पारदर्शक थर दिलेल्या शोभेच्या वस्तूंना यातले काही लावू नका. कल्हईच्या पातेल्याला आतून आंबटही नको आणि काथ्याही नको. मऊ कापड आणि रिठ्याचे पाणी बस्स. आतून तांबूस दिसू लागले तर त्यात आमटी, कढी करणे थांबवून आधी कल्हई करून घ्या.